आधी उतार, मग कापड

मे महिना अर्धा सरला की ताडपत्रीचे गठ्ठे दुकानांतून फुटपाथवर येतात. दुकानदार, बाल्कनीवाले, गच्चीवर पत्र्याची खोली काढलेले, भजीची गाडी लावणारे असे सगळे एकाच आठवड्यात जागे होतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती जीएसएमची?" म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाची. मग दोनशेची घ्यायची की अडीचशेची, यावर घासाघीस. माझं सांगणं एवढंच, की यंदा हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. छत फाटलं की आपण कापडाला शिव्या घालतो. पण मी पाहिलेली बहुतेक छतं गेली ती सांगाड्यापायी, कमी उतारापायी, भिंतीतल्या कच्च्या बोल्टांपायी. कापड बिचारं शेवटी फाटून फक्त बातमी देतं.

जुलैतल्या कुठल्याही सकाळी बाजारातून चालत जा. एखाद्या दुकानाच्या छताचं मधोमध पोट सुटलेलं असतं आणि पोऱ्या झाडूच्या दांड्याने ते खालून ढोसत असतो. भसकन पाणी पडतं, बहुधा एखाद्या गिऱ्हाइकाच्या चपलांवर. मालकाला वाटतं, चला, काम झालं. पण दांड्याचं टोक रोज त्याच जागी लागतं. तिथलं कोटिंग उडतं, आतले धागे उघडे पडतात आणि ऑगस्टमध्ये बरोबर तिथूनच थेंब गळायला लागतो.

हिशोब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजेच एक किलो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे दर चौरस मीटरला ९४४ किलो. वाहून जाणाऱ्या पाण्याचा छताला त्रास नसतो, त्रास असतो थांबलेल्या पाण्याचा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि सरासरी दोन इंच खोल डबकं साचलं की चाळीस किलोंहून जास्त वजन कापडावर बसतं. त्या वजनाने कापड आणखी ताणतं, खोलगा वाढतो, त्यात आणखी पाणी येतं. एकदा पोट सुटलं की ते आपणहून परत जात नाही. जाड कापड घेतल्याने एवढंच होतं की पोट जरा उशिरा सुटतं.

म्हणून आधी उतार. छत भिंतीपासून चार फूट पुढे येणार असेल, तर त्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा किमान एक फूट खाली हवी. हे किमान झालं. आपल्याकडच्या पावसाला दीड फूट बरा, आणि कोकणात दोन फूट दिला तरी कोणी नावं ठेवणार नाही. तिथल्या जुन्या कौलारू घरांचे उतार पाहा, ते काही शोभेसाठी केलेले नाहीत.

मग उतार कमी का ठेवला जातो? पाटीपायी. दुकानाची पाटी वर झळकली पाहिजे आणि खाली शटर अडता कामा नये, या दोहोंच्या मधे जी फूटभर जागा उरते तिच्यात छत कोंबलं जातं. वेल्डर विचारतो, "शेठ, किती खाली घेऊ?" शेठ म्हणतात, "जरासं." त्या जराशात पावसाळाभराची कटकट असते. जागा कमी असेल तर उतार कमी करू नका, छताची लांबी कमी करा. तीन फुटांचं नीट उतरतं छत पाच फुटांच्या सपाट छतापेक्षा जास्त कोरडं ठेवतं. पुढची कड जमिनीपासून सात फुटांच्या खाली नको, नाहीतर उंच माणसाचं डोकं पाइपला लागेल. त्याखाली झालर लोंबली तर हरकत नाही, ती कापडाची असते.

आता सांगाड्याची दुसरी गोष्ट. फॅब्रिकेटर मजबुतीसाठी उभे-आडवे पाइप टाकतो. उभे, म्हणजे उताराच्या दिशेने जाणारे, दोन-अडीच फुटांवर एक असे हवेतच. पण मधला आडवा पाइप कापडाला खालून टेकता कामा नये. तो टेकला की त्याच्या वरच्या अंगाला बांध घातल्यासारखं पाणी अडतं. आडवा हवाच असेल तर तो उभ्या पाइपांच्या खालच्या बाजूने जोडायला सांगा, कापडापासून दोन-तीन इंच खाली. वेल्डिंगच्या गाठी घासून गुळगुळीत करून घ्या. वाऱ्यात कापड दिवसभर त्या गाठीवर घासतं आणि सुईच्या टोकाएवढी गाठसुद्धा एका मोसमात भोक पाडते. हात फिरवून बघा. हाताला लागलं तर कापडालाही लागणार.

लोखंडी चौकोनी पाइप वापरणार असाल तर गंजाचं आधी बघा. जीआय पाइपवरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या जागी जळून जातो आणि गंज तिथूनच चढतो. त्यामुळे प्रत्येक जोडावर झिंक प्रायमर, मग रंग. नुसता चकचकीत रंग मारून दिला तर दिसायला छान, वर्षाने तपकिरी ओघळ. पाइपची तोंडं बंद करा आणि सगळ्यात खालच्या पाइपला तळाशी बारीक भोक ठेवा, म्हणजे आत शिरलेलं पाणी निघून जाईल. रत्नागिरी-मालवणकडे किंवा मुंबईत समुद्रासमोर राहत असाल तर अॅल्युमिनियमचा सांगाडा चांगला. पण त्याला साधे लोखंडी नटबोल्ट लावू देऊ नका. दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की जोडाशी पांढरी भुकटी जमते आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं. स्टेनलेसचे बोल्ट घ्या, मधे नायलॉनचा वॉशर घाला.

पाण्याचं वजन डोळ्यांना दिसतं, वाऱ्याचं दिसत नाही. दहा फूट बाय चार फुटांचं छत म्हणजे पावणेचार चौरस मीटर. ताशी ६० किलोमीटरचा वारा त्यावर ढोबळमानाने साठ किलोंचा जोर लावतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळाच्या दिवशी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. तेवढ्या वाऱ्यात याच छतावर दोनशे किलोंच्या वर जोर येतो. शिवाय हा जोर खालून वर येतो. पुढून उघडं असलेलं छत वारा पोटात घेतं आणि भिंतीपासून उचकटायला बघतं. चक्रीवादळ दूरची गोष्ट वाटत असेल तर १३ मे २०२४ ची दुपार आठवा. घाटकोपरला वळवाच्या वादळात पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला आणि १७ जीव गेले. तो फलक होता, छत नव्हतं. पण वाऱ्याला दोन्हींत फरक कळत नाही.

भिंतीतले बोल्ट कसे काम करतात ते एकदा समजून घ्या, मग कारागिराला प्रश्न विचारता येतील. सांगाडा भिंतीला वर आणि खाली असा दोन ठिकाणी धरलेला असतो. छतावर पाणी साचलं की वरचा बोल्ट बाहेर ओढला जातो. खालून वारा शिरला की उलटं होतं, खालच्या बोल्टावर ओढ येते. आपल्याकडे वर चार इंची अँकर आणि खाली 'टेकायला' म्हणून दोन स्क्रू ठोकण्याची पद्धत आहे. पाणी असतं तोवर हे चालतं. पहिल्या मोठ्या वादळात खालचे स्क्रू निघतात आणि सगळा सांगाडा वरच्या बोल्टांवर फडफडत राहतो. दोन्हीकडे सारखेच बोल्ट मागा.

ते कशात बसतात हेही विचारा. एक इंचाच्या प्लास्टरमध्ये बसलेला बोल्ट प्लास्टरचा पोपडा घेऊन बाहेर येतो. काँक्रीटच्या बीममध्ये अँकर फास्टनर चांगला. विटेत तो फुगताना वीटच फोडतो, तिथे केमिकल अँकर घ्या किंवा भिंत आरपार छेदून आतून प्लेट आणि नट लावा. पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर आरपारच. ड्रिल चालू असताना समोर उभे राहा. भुकटी लाल येते की करडी, यावरून विटेत चाललंय की काँक्रीटमध्ये, ते कळतं.

भिंत आणि छत यांच्या सांध्यातून गळती होतेच होते. कापड कितीही भारी असलं तरी भिंतीवरून ओघळणारं पाणी कापडाच्या मागून आत शिरतं. शक्य असेल तर वरची कड छज्ज्याच्या खाली घ्या. नसेल तर वरून अॅल्युमिनियमची वाकवलेली पट्टी आणि तिच्या वरच्या कडेला पीयू सीलंट. प्लास्टर सुटं असेल तर आधी ते खरवडा.

आता कापड. घाई करू नका, सांगाडा भिंतीवर चढू द्या. कापडाचं माप कागदावरच्या नकाशावरून घ्यायचं नाही, बसवलेल्या सांगाड्यावरून घ्यायचं. भिंती सरळ नसतात. चारही कडा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत इंचभर फरक निघाला तर कापड त्या तिरकेपणासकट बेतावं लागतं, नाहीतर एका कोपऱ्यात कायमची घडी पडते आणि पाणी त्या घडीत बसतं.

हिरवी शेडनेट उन्हासाठी असते, तिच्यातून पाऊस सरळ खाली येतो. हे सांगावं लागू नये, पण लागतं. निळी-पिवळी ताडपत्री म्हणजे एचडीपीईच्या विणलेल्या पट्ट्या, वर पातळ थर. तात्पुरत्या कामाला उत्तम, पण उन्हात एक-दोन पावसाळ्यांत तिच्या कडा चिरतात आणि तिचे निळे तुकडे गटारात जातात. सुती कॅनव्हासची गंमत वेगळी. भिजला की त्याचे धागे फुगतात आणि विणीतली भोकं बुजतात, म्हणून तो पाणी अडवतो. मात्र भिजलेला असताना आतून बोट लावलं की तिथून ठिबकायला लागतो. शिवाय भिजल्यावर तो आवळतो, म्हणून दोऱ्या सैल-घट्ट करता येतील अशा बांधाव्या लागतात. ओला गुंडाळून ठेवला तर आठवड्यात काळे डाग.

पक्क्या दुकानासाठी मी पीव्हीसी कोटिंगचं पॉलिएस्टर सुचवेन, सहाशे जीएसएमच्या आसपासचं. ते पाणी खरोखर अडवतं आणि पुसता येतं. घराच्या बाल्कनीला, जिथे ऊन जास्त आणि पाऊस वरच्या मजल्यामुळे कमी, तिथे अॅक्रिलिक छान दिसतं. त्याचा रंग सूत कातण्याआधीच तंतूत मिसळलेला असतो, म्हणून वर्षानुवर्षं विटत नाही, आणि त्यातून हवाही खेळते. पण ते पाणी परतवतं, अडवत नाही. उतार कमी असला की अॅक्रिलिक पाझरणारच. ज्या विक्रेत्याने हे तुम्हाला आपणहून सांगितलं त्याच्याकडून बिनधास्त घ्या.

शिलाईकडे कोणी बघत नाही आणि खरा खेळ तिथेच असतो. शिवणाऱ्याच्या दुकानात जाऊन बघाच. कापड जमिनीवर पसरलेलं, खडूच्या रेघा, आणि मशीनखालून कापड ओढताना दोन माणसं लागतात. दोन पट्ट्यांचा जोड उताराच्या दिशेने यावा, आडवा नको. आडवा जोड टाळता येत नसेल तर वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढली पाहिजे, कौलावर कौल चढतं तशी. उलटी चढवली तर जोडाच्या ओठात पाणी शिरतं. टाके दुहेरी हवेत आणि दोरा पॉलिएस्टरचा, उन्हाला टिकणारा. सुती दोरा कुजतो, नायलॉन उन्हात लवकर जीव सोडतो. चांगल्या कापडाची छतं बहुधा शिवणीत उसवतात, कापड तसंच शाबूत असतं. पीव्हीसीत प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, म्हणून तिथे जोड गरम हवेच्या गनने किंवा मशीनवर वितळवून करायला सांगा. त्याची परीक्षा सोपी आहे. कतरणीवर केलेला जोड घ्या आणि दोन्ही टोकं धरून ओढा. नुसता सोलून वेगळा झाला तर कच्चा. कोटिंग उखडून आतले धागे दिसले तर पक्का.

काठाला दोन इंचांची दुमड, दुमडीच्या आत दोरी, आणि आयलेट त्या दुहेरी कापडातून, दर सहा ते नऊ इंचांवर एक. कोपऱ्यांना आतून आणखी एक त्रिकोणी तुकडा. एकेरी कापडात ठोकलेला आयलेट वाऱ्यात रिंगसकट निघून येतो आणि जाताना लांब चीर पाडून जातो. आयलेट पितळी किंवा स्टेनलेस, लोखंडी नको.

बेतलेलं कापड सांगाड्यापेक्षा किंचित लहान असावं. बसवताना ओढून बसलं पाहिजे. बोटाने टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजायला हवं, लपलपलं तर परत न्यायला सांगा. दोरी पाइपभोवती वळसे घेत प्रत्येक आयलेटमधून जाते, तिच्याऐवजी लोखंडी तार किंवा प्लास्टिकचे टाय लावू देऊ नका. कारण वादळात काहीतरी तुटणारच असेल तर आधी दोरी तुटावी, ती गेली तरी दुसऱ्या दिवशी बदलता येते. त्यानंतर कापड. सांगाडा मात्र भिंतीपासून सुटता कामा नये, कारण त्याच्याखाली माणसं उभी असतात. तारेने जखडलेलं छत हा क्रम उलटा करतं.

हाताने उघडझाप होणारी, स्प्रिंगच्या हातांची ऑनिंग हल्ली बाल्कन्यांत दिसतात. ती उन्हासाठी आहेत. युरोपच्या मानकात त्यांचा वर्ग २ म्हणजे ताशी ३८ किलोमीटरपर्यंतचा वारा. आपल्या वळवाला तेवढा वेग म्हणजे सुरुवात. घराबाहेर पडताना नळ बंद करतो तशी ती मिटवून जा.

आगीचा विषय मी मुद्दाम लांबवतोय, कारण तो सगळ्यांत नकोसा आहे. एचडीपीईची ताडपत्री १३० अंशांच्या आसपास वितळते आणि पेटली की जळते थेंब खाली पडत राहतात. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणात डबवाली इथे शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाला आग लागली. वरचं कापड कृत्रिम धाग्याचं होतं. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात पुष्कळ मुलं. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ च्या पहाटेआधी कमला मिल परिसरात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली, १४ जण गेले; तिथेही वरच्या ज्वलनशील आच्छादनाने आग भराभर पसरली. आणि आपण ताडपत्रीखाली कढई ठेवतो, वर बल्ब लटकवतो, दिवाळीत तिच्याखालीच अनार लावतो.

जिथे शेगडी आहे तिथे कापडाचं छत नको, पत्रा घाला. दुकानासाठी अग्निरोधक पीव्हीसी मागा आणि कंपनीचा दाखला बिलाला जोडून घ्या. दाखल्यावर विश्वास नसेल तर एक कतरण पक्कडीत धरून उघड्यावर, माणसांपासून लांब, पेटवून बघा. ज्योत बाजूला केल्यावर ती विझली पाहिजे. धूर नाकात घेऊ नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो. गणपतीचा मंडप घालणाऱ्या कार्यकर्त्यांनाही तेच सांगेन. तात्पुरत्या मंडपांसाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे, आणि चालू वीजतारेखाली मंडप नको हे त्यात सांगितलेलं आहे. वर्गणीतून झुंबर आणण्याआधी ते मानक वाचावं.

विजेचं आणखी एक. दुकानाच्या छताला एलईडीची पट्टी असते आणि तिची वायर टेपने पाइपला गुंडाळलेली असते. पावसात टेप सुटतो, वायरचा जोड भिजतो, आणि सांगाड्याला हात लावून उभं राहिलेल्या गिऱ्हाइकाला झटका बसतो. सांगाड्याला अर्थिंग करून घ्या आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम आहे.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. रस्त्यावर किंवा फुटपाथवर येणारं छत असेल तर वॉर्ड ऑफिस किंवा नगरपालिकेत आधी विचारा, इमारतीत असाल तर सोसायटीचं लेखी पत्र घ्या. बसवून झाल्यावर काढायला लागणं हा सगळ्यांत महाग प्रकार.

निगा फार नाही. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने धूळ झाडा, साबण साधा आणि पाणी थंड. ब्लीच नको, जोराचा पाण्याचा फवारा नको. कबुतरांची विष्ठा त्याच दिवशी धुवा, ती कोटिंग खाते. कापड काढून ठेवायचं असेल तर पूर्ण वाळवून, गुंडाळून ठेवा. घड्या घालू नका, पीव्हीसी घडीवर चिरतं. जूनच्या आधी आणि पुन्हा ऑगस्टमध्ये दोरी आवळून घ्या.

आणि काम ठरवताना बिलावर "छत, एक नग" एवढंच लिहून घेऊ नका. पाइपची जाडी, बोल्टाचा प्रकार आणि संख्या, कापडाचं नाव व वजन, दोरा कुठला, उतार किती, हे सगळं लिहून मागा. कारागीर कुरकुर करेल, पण लिहील. निघताना त्याच्याकडून उरलेल्या कापडाचा हातभर तुकडा मागून घ्या. दोन वर्षांनी ठिगळ लावायची वेळ आली तर त्याच रंगाचं, त्याच जातीचं कापड बाजारात मिळेलच असं नाही.